सोळा ठिपक्यांत लोंबी

संपादकांनी कळवलं, की तुमच्या कामाबद्दल लिहा आणि शक्यतो कृतज्ञतेने लिहा. कृतज्ञता मला जमते, पण ती अर्ध्या पानात संपते. उरलेली पानं भरायची तर अलकाबद्दल लिहावं लागेल, आणि तिच्याबद्दल कृतज्ञतेने लिहिणं मला आजही जमायचं नाही. मी तिच्यावर जळत होते. ‘होते’ हे आपलं म्हणायला.

नाशिक रोडला स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर अण्णांचा गाळा होता, तिथे मी नोकरीला होते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, बारशाची आमंत्रणं. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की लोकांना नोटांचं प्रेस आठवतं, म्हणून अण्णांच्या गाळ्याला सगळे ‘पत्रिकेचं दुकान’ म्हणत. माझे मिस्टर त्या मोठ्या प्रेसमध्ये होते. मुलगा नोटा छापतो आणि सून पत्रिका, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, आणि ‘पत्रिका’ म्हणताना आवाज जरा खाली जायचा.

नव्वदच्या दशकात अण्णांनी दोन कॉम्प्युटर घेतले. एकावर मी, दुसऱ्यावर अलका. मध्ये एक टेबलफॅन, तो बहुतेक वेळ तिच्याकडे वळलेला असायचा. मी मन लावून भरगच्च काम करायची. चारी बाजूंनी वेलबुट्टी, कोपऱ्यात मोर, सनई, चौघडा. अलका आली की यातलं निम्मं काढून टाकायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, आत्ता कसं छान दिसतंय. अण्णा सगळ्यांसमोर म्हणायचे, ‘हिचा हात हलका आहे.’ माझा हात कसा आहे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा इगतपुरीकडच्या एका लग्नासाठी मी भाताच्या लोंब्यांची किनार काढली होती. तिकडे माझं माहेर, लोंबी कशी वाकते ते मला डोळे मिटून काढता येतं. अण्णा म्हणाले, गर्दी झाली. ती किनार रद्द झाली आणि अलकाने त्याच पत्रिकेला एक साधी रेघ मारून दिली. नवरीकडच्यांना ती रेघ इतकी आवडली, की लग्नाचे पेढे तिच्या टेबलावर आले. तिने मला त्यातले दिले. मी खाल्ले, पण गोड लागले नाहीत.

दुकानाचा एक नियम होता. गणपतीशिवाय कुठलाही कागद बाहेर जायचा नाही. लग्नपत्रिकेवर ठीक आहे. पण अण्णांनी एका दाताच्या डॉक्टरांच्या कार्डावर आणि एका पंक्चरवाल्याच्या बिलबुकावरही गणपती टाकला होता. नारळ फोडल्याशिवाय गाडी बाहेर काढतो का आपण, असं ते विचारायचे. 

पुढे वेबसाइटचं वारं आलं. आम्ही दोघी एकाच क्लासला जाऊन शिकलो. मी रात्रंदिवस वह्या भरल्या. अलका नुसती ऐकत बसायची. शिकून झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि कॉलेज रोडला स्वतःचं ऑफिस काढलं. काचेचं दार, बाहेर कुंडी. मी अण्णांकडेच राहिले. अण्णांनी कोपऱ्यात एक टेबल दिलं, त्यावर ‘वेबसाइट विभाग’ अशी पाटी लावली, आणि पाटीवर गणपती छापला.

आता एका बारक्या चित्राबद्दल, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट पुन्हा पुन्हा लागते म्हणून आपण तिची खूण करून ठेवतो. त्याला बुकमार्क म्हणा, तेव्हा ‘फेवरिट्स’ म्हणायचे. त्या यादीत साइटच्या नावाशेजारी एक चिमुकलं चित्र दिसतं. ते चित्र साइट बनवणाऱ्याने काढून द्यायचं असतं. नाही दिलं, की ब्राउझर स्वतःचं ठरलेलं चित्र लावतो आणि सगळ्या साइटी सारख्याच दिसतात. चित्र काढायला जागा मिळते आडवे सोळा ठिपके, उभे सोळा ठिपके. रांगोळीच्या ठिपक्यांसारखा हिशेब, फक्त इथे ठिपके जोडायचे नसतात, रंगवायचे असतात. शिवाय त्या फाइलचा प्रकार ठरलेला, नाव ठरलेलं, ठेवायची जागा ठरलेली. एक चुकलं तरी चित्र दिसत नाही आणि का दिसत नाही हे कोणी सांगत नाही.

लोकांच्या मागण्या मात्र सोळा ठिपक्यांत मावणाऱ्या नसायच्या. एका क्लासवाल्या सरांना त्यात स्वतःचा फोटो हवा होता. मी लावला. ते पाहून म्हणाले, मी यात कुठे आहे? मी म्हटलं, हा जो तपकिरी ठिपका आहे त्याच्या वरती तुमचे केस. ते समजूतदार होते, पुढच्या वेळी टोपी घालून फोटो काढून आणला.

मालेगावचे एक कापडवाले होते. त्यांचे लूम तिकडे, आणि साइट बघायला ते स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायचे. त्यांची तक्रार अशी, की सकाळी त्यांचं चित्र यादीत दिसतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी ब्राउझरचं चित्र येतं. ‘मॅडम, हमारा निशान कोई चुराता है,’ असं ते म्हणाले. मी विचारपूस केली. कॅफेवाला रोज संध्याकाळी मशीन हलकी व्हावीत म्हणून साठलेल्या फायली पुसून टाकायचा. त्या काळी ब्राउझर हे चित्र त्याच फायलींत ठेवायचा, म्हणजे झाडलोटीबरोबर तेही बाहेर. मी हे समजावून सांगितलं आणि मनात म्हटलं, हे अलकाला सुचलं नसतं. ते खूश झाले आणि म्हणाले, ‘अलका मॅडमने भी फोन पे यही बोला था.’ म्हणजे आधी तिला विचारून मग माझ्याकडे आले होते, खात्री करायला.

अलकाची कामं मी गुपचूप बघायची. तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची साइट माझ्या फेवरिट्समध्ये होती. कपाटाच्या दुकानाला एक किल्ली, रोपवाटिकेला दोन पानं. बघितलं की कळायचं. त्यात घोटीच्या दामूशेठांची राइस मिल होती, तिला एक भाताची लोंबी. हिरवा देठ, पिवळे दाणे, टोक वाकलेलं. इतकी गोड, की मला रागच आला. नीट बघितल्यावर सापडलं, की लोंबीच्या खाली उजवीकडे एक पिवळा ठिपका उगाच सुटलेला आहे. पुसायचा राहून गेलेला. त्या दिवशी मला जेवण चांगलं गेलं.

दामूशेठांच्या घरची सगळी कार्यं अण्णांकडे छापली जायची. थोरल्या मुलीच्या पत्रिका न्यायला ते आले तेव्हा अण्णांनी त्यांना पटवलं, की पिशव्यांची छपाई आमच्याकडे, पत्रिका आमच्याकडे, मग वेबसाइटच तेवढी कॉलेज रोडला कशाला? शेठ म्हणाले, बरं, नवं भात बाजारात येईपर्यंत बघू. ते गेल्यावर अण्णांनी मला जवळ बोलावलं. टेबल चालत नाहीये, कुंदा, म्हणाले. हे गिऱ्हाईक टिकलं तर टेबल ठेवतो, नाहीतर पाटी काढतो, तू परत पत्रिकांवर ये. मी मान हलवली. पत्रिकांवर परत जायचं म्हणजे टेबलफॅनच्या त्याच बाजूला बसायचं आणि अलकाने काचेच्या दारातून ते ऐकायचं.

साइट मी आमच्याकडे आणली. पानं पुन्हा मांडली. आणि दुकानाच्या नियमाप्रमाणे लोंबी काढून तिच्या जागी गणपती बसवला. आमच्या सगळ्याच गिऱ्हाइकांना तोच गणपती होता, शेंदरी, मुकुट घातलेला. सोळा ठिपक्यांत तो गाजराच्या हलव्याची वडी वाटायचा हे मला आता दिसतं. तेव्हा अण्णांना हात जोडावेसे वाटले, म्हणून मलाही वाटले.

घोटीहून शेठांचा फोन. साइट नवी दिसते, पण यादीत चित्र जुनंच हाय. ते का, हे मला माहीत होतं. ब्राउझर एकदा चित्र घेऊन ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. पण अलका माझ्या साइटच्या नावाशेजारी ठाण मांडून बसली आहे ही कल्पनाच मला सोसेना. फोनवर सांगून बघितलं, हे दाबा, ते दाबा. शेवटी एसटीने घोटीला गेले.

मिलमध्ये कॉम्प्युटर चालवायच्या यमुनावहिनी, म्हणजे शेठांच्या मिसेस. शेठ भात बघणार, तोलणार, व्यापाऱ्यांशी बोलणार. वहिनी रोज सकाळी त्या दिवसाचे तांदळाचे भाव साइटवर भरणार, आणि मुंबईचे, गुजरातचे दलाल ते बघून फोन करणार. वहिनी मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरांशी फारसं सख्य नाही. त्या जुन्या मशीनवर यादीत मराठी नावं टाकली की नुसते चौकोन उमटायचे, म्हणून नावं इंग्रजीत. पण त्यांचं कधी अडलं नव्हतं. माउस सरळ लोंबीवर नेत, दाबत, आकडे भरत.

मी खुर्चीत बसले आणि साफसफाई केली. जुनी खूण काढली, साठलेल्या फायली पुसल्या, साइट उघडून नवी खूण केली. गणपती आला. मग अण्णांची आणखी एक पद्धत पाळली. दुकानात जसा नमुन्यांचा अल्बम असतो, तसा आमच्या सगळ्या साइटींचा अल्बम प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फेवरिट्समध्ये घालायचा, म्हणजे आमची कामं डोळ्यांसमोर राहतील. त्र्यंबकचे एक गुरुजी, एक मंगल कार्यालय, एक शाळा, ते क्लासवाले सर. सरांनीही शेवटी फोटोचा नाद सोडून गणपतीच घेतला होता. यादी प्रसन्न दिसायला लागली. वहिनींनी चहा दिला, वर तांदळाची पिशवी दिली. परतीच्या गाडीत मला वाटत होतं, की मी घोटीतून अलकाला हाकलून आले आहे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दामूशेठांचा फोन आला तो अण्णांना. अण्णांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि स्वतः जवळ उभे राहिले.

‘ताई, तुम्ही काय करून गेल्या?’ शेठ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. ‘आमच्या मंडळींनी रोज उघडलं, तर कदी शाळा निघती, कदी लग्नाचा हॉल. मिल घावंना. भाव भरलेच नाय. दलालानं जुना भाव बघून गाडी लावली, आन मी शब्दाला बांधलो. स्वस्तात माल द्यावा लागला.’

मी म्हटलं, शेठ, यादीत मिल आहे की.

‘आवो, समदे गणपती हायेत. आमचा कंचा?’

अण्णा शेजारीच होते, त्यांना ऐकू गेलं. ते खुर्चीत बसले. शेठ पुढे म्हणाले, की मंडळींना ती पहिली लोंबी पायजे. ती आणून लावा. नसल तर मी पयल्या बाईंकडं परत जातो, लय लांब नाय ते बी.

लोंबी आता कुठेही नव्हती. साइटवर मी तिच्याच ठरलेल्या नावाने गणपतीची फाइल ठेवली होती, म्हणजे ती तिथून गेली. घोटीच्या मशीनमधून माझ्याच हाताने पुसली होती. माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये बघावं, तर शेठांचं काम आलं तेव्हा मी ती खूण आनंदाने उडवून दिली होती. म्हटलं, हरकत नाही, मी काढते. लोंबी मला डोळे मिटून येते. काढायला बसले. पूर्ण लोंबी काढली, सगळे दाणे, कुसळं, दोन पानं, खाली बांध. छोटी केल्यावर त्याचा पिवळा चिखल झाला. मग दाणे कमी केले. मग देठ जाड केला. एक बरी वाटली ती साइटच्या पानावर ठेवून वहिनींना बघायला लावली.  त्या फोनवर हळूच म्हणाल्या, ‘ताई, ही गोम हाय का?’

दुसरी काढली. तिला त्यांनी दात घासायचा ब्रश म्हटलं. त्या चेष्टा करत नव्हत्या, मला मदत करत होत्या.

अण्णांनी पाटीकडे बघितलं आणि मला म्हणाले, ‘अलकाकडे जा.’ मी म्हटलं, जाणार नाही. ते म्हणाले, मग मी जातो. त्यांना त्या काचेच्या दारातून आत जाताना मी डोळ्यांसमोर आणलं. ते तिथे खुर्चीत बसणार, तिचा हात किती हलका आहे ते तिलाच पुन्हा सांगणार. त्यापेक्षा मी गेलेली बरी.

कॉलेज रोडला मी दारापाशी पोचले तर ती स्वतः उठून आली. ‘अगं कुंदे, ये ना, किती वर्षांनी!’ पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. मला ते टेबलफॅनचे दिवस आठवून वाटलं, हिला तेव्हा का नाही हे सुचलं. मी सगळं सांगितलं, गणपतींचं सुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. नुसतं म्हणाली, वहिनींचे भाव चुकायला नको होते. मग विचारलं, त्या अजून त्याच खुर्चीत बसतात का, जिच्यामुळे पाठ दुखते? मी घोटीला त्यांच्याच खुर्चीत बसून आले होते आणि त्यांच्या पाठीचं मला काही माहीत नव्हतं. अलकाने काम घेतलं तेव्हा ती दोन सकाळी नुसती वहिनींच्या मागे बसून त्या काय बघतात ते बघत होती म्हणे. असल्या गोष्टींचा मला संताप येतो. कारण त्या करायला काही लागत नाही, आणि मी केलेल्या नसतात.

तिने फाइल शोधली आणि फ्लॉपीवर द्यायच्या आधी स्क्रीनवर मोठी करून उघडली. सोळा ठिपक्यांची ती चौकट हाताएवढी झाली. पिवळे चौकोन, हिरवे चौकोन. खाली उजवीकडे तो सुटलेला पिवळा चौकोन होताच. मला राहवलं नाही. म्हटलं, तो ठिपका पुसायचा राहिलाय तुझा.

‘तो कसा पुसू?’ ती म्हणाली. ‘तो तुझा आहे.’

मला कळेना. ती म्हणाली, ‘तुझ्या किनारीतली लोंबी आहे गं ही. इगतपुरीच्या लग्नाची. तूच म्हणाली होतीस, पिकलेल्या लोंबीखाली एक तरी दाणा गळलेला असतोच. ती किनार अण्णांनी रद्द केली तेव्हा मला इतकं वाईट वाटलं. मिलचं काम आलं आणि मला तीच आठवली. मी तुला विचारायला हवं होतं. तू इतकी वर्षं फोन केला नाहीस, मला वाटलं, तुझी लोंबी घेतली म्हणून तू चिडली आहेस.’

मी स्क्रीनकडे बघत राहिले. वाकलेलं टोक माझं. देठाचा कल माझा. गळलेला दाणा माझा, आत्याच्या खळ्यावर बघितलेला. माझ्या किनारीत असल्या लोंब्यांची नुसती दाटी होती. हिने त्यातली एक उचलली, तिचे दाणे काढले, कुसळं काढली, पानं काढली, आणि जे एक कोणाच्या लक्षात आलं नसतं ते तेवढं ठेवलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं जिच्यावर जळले ती लोंबी माझीच निघाली. पण मी तिथे, तिचं पाणी पिऊन, तिच्या पंख्याच्या वाऱ्यात बसून, पूर्वीपेक्षा जास्त जळले. तिची असती तर परवडलं असतं. माझी होती, आणि मला ती काढता आली नाही.

मी चिडलेली नाही एवढंच तिला म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं बाई. तिचा विश्वास बसला असावा.

दुसऱ्या दिवशी घोटीला गेले. आमचा अल्बम यादीतून काढला, लोंबी जागेवर ठेवली, सगळं पुसून खूण नव्याने केली. यमुनावहिनी खुर्चीत बसल्या, माउस सरळ लोंबीवर नेला, दाबलं, आकडे भरले. शेठ दारातून बघत होते. त्यांनी मान डोलावली आणि भात बघायला निघून गेले. मी वहिनींना विचारलं, पाठ कशी आहे? त्या दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मग बराच वेळ पाठीबद्दल सांगत बसल्या.

साइट आमच्याकडे राहिली. टेबल राहिलं, पाटी राहिली. पुढे आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळी चित्रं द्यायची असं मी अण्णांकडून कबूल करून घेतलं. गणपती पानावर वरती, मोठा. त्यांना ते पटायला वेळ लागला. क्लासवाल्या सरांना मी एक खडू काढून दिला, आणि तो खडूसारखा दिसत होता.

लोंबी लावून घोटीहून परत आले त्या संध्याकाळी अण्णांनी माझ्या मशीनवर ती लोंबी उघडून ठेवली होती. चष्मा वर करून, जवळ जाऊन ते बघत होते. किती नेमकं आहे बघ, म्हणाले. पोरीचा हात पहिल्यापासून हलका.

मी म्हटलं, ‘अण्णा, ही लोंबी माझी आहे. तुम्ही रद्द केलेल्या किनारीतली. अलकालाच विचारा.’

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. त्यांना ती किनार आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा जरा बदलला. चष्मा खाली घेऊन ते म्हणाले, ‘असेल गं. पण लहान कोणी केली?’